क्री मजकुरातील शब्द दिसतो, पण शोधात सापडत नाही: ‘ह्क्’ चिन्हाचा घोळ आणि त्याचे निवारण

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. कॅनडातील मैदानी क्री भाषेची, तिच्या स्वतंत्र लिपीत लिहिलेली एखादी शब्दसूची किंवा पाठ्यपुस्तकाची फाइल पडद्यावर अगदी नीट दिसते, फॉन्ट योग्य असतो, कुठेही रिकाम्या चौकटी उमटलेल्या नसतात. तरीही ‘वास्कहिकनिह्क्’, म्हणजे ‘घरात’, हा समोर दिसणारा शब्द शोधपेटीत टाकला की एकही नोंद मिळत नाही. शब्दतपासनीस त्याच शब्दाखाली लाल रेघ ओढतो आणि अकारविल्हे यादीत तो एकाच रूपात दोनदा, दोन वेगळ्या जागी येतो. फाइल हाताने दुरुस्त करून दिली तरी मजकुराची पुढची खेप आली की तक्रार परत येते, कारण दुरुस्ती शब्दाची झालेली असते आणि बिघाड मात्र शब्दाच्या शेवटच्या इवल्याशा चिन्हाच्या सांकेतिक क्रमांकात असतो.

ते चिन्ह म्हणजे लहान फुलीसारखे दिसणारे ‘ह्क्’. क्री भाषेत ‘अमुक ठिकाणी’ या अर्थाचा प्रत्यय बहुधा याच ध्वनीने संपतो, त्यामुळे कोणत्याही मजकुरात ते पदोपदी येते. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक नेमून देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकात त्याची जागा यू+१५७डी ही आहे. (हे क्रमांक, म्हणजे कोड पॉइंट, षोडशमान पद्धतीने लिहितात, त्यांतील ए ते एफ ही अक्षरे येथे देवनागरीत दिली आहेत.) अडचण अशी की फुलीच्या आकाराची चिन्हे त्याच विभागात आणखीही आहेत. यू+१५४१ हे चिन्ह सायिसी ‘यी’ या नावाने नोंदलेले आहे; ते उत्तर मॅनिटोबातील सायिसी डेने लोकांच्या लेखनासाठी आहे, आणि डेने भाषा क्रीच्या कुळातलीच नाही. यू+१६६ई हा या लिपीचा पूर्णविराम असून तोही फुलीसारखाच असतो. यू+१६६डी हे ख्रिस्ताच्या नावासाठी वापरायचे मोठ्या फुलीचे चिन्ह आहे. त्यात रोमन लिपीतील छोटा एक्स, यू+००७८, आणि गुणाकाराचे चिन्ह, यू+००डी७, यांची भर घातली की टंकलेखकासमोर एका आकाराचे सहा पर्याय उभे राहतात. काही फॉन्टांत यांतली दोन-तीन चिन्हे हुबेहूब सारखी दिसतात, तर काहींत उंचीचा किंवा आकाराचा किंचित फरक असतो, जो वाचताना कोणाच्याही नजरेत भरत नाही.

आधी निदान

फॉन्ट बदलून पाहणे, फाइल पुन्हा साठवणे किंवा ब्राउझरची साठवण पुसणे, यांपैकी कशाचाही येथे उपयोग नाही. एका संशयित शब्दाचे प्रत्येक चिन्ह कोणत्या क्रमांकाचे आहे, एवढेच पाहायचे आहे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळी एकत्र दाबल्या की चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक उमटतो आणि त्याच कळी पुन्हा दाबल्या की चिन्ह परत येते. पायथन येत असेल तर युनिकोडडेटा या अंगभूत मॉड्यूलकडून प्रत्येक चिन्हाचे अधिकृत नाव मिळते, आणि एखाद्या शब्दाऐवजी संपूर्ण फाइलमधील वेगवेगळ्या चिन्हांची वारंवारता-यादी काढता येते. आमच्या मते ही यादी काढल्याशिवाय कोणत्याही दुरुस्तीला हात लावू नये. मैदानी क्रीच्या फाइलमध्ये यू+१५४१ मोठ्या संख्येने आणि यू+१५७डी जवळजवळ शून्य, असे चित्र दिसले तर निदान झाल्यातच जमा आहे. दोन्ही चिन्हे निम्मी-निम्मी दिसली तर मजकूर किमान दोन हातांनी किंवा दोन वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेला आहे, असे समजावे.

यादीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कॅनडातील मूलनिवासी भाषांच्या या लिपीचा मुख्य विभाग यू+१४०० पासून यू+१६७एफ पर्यंत आहे. तो १९९९ मध्ये युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत आला आणि २००९ मधील ५.२ आवृत्तीत त्याच्या उरलेल्या जागा भरल्या गेल्या. क्री शब्दाच्या पोटात या कक्षेबाहेरचे चिन्ह आढळले तर ते बहुधा पाहुणे असते: यू+००बी७ हे युरोपीय छपाईतले मध्यबिंदूचे चिन्ह, यू+०३०७ हे डोक्यावर बसणारे जोडटिंब, साधे अधिकचिन्ह, किंवा एखादे रोमन अक्षर. ‘पे’चा आकार रोमन व्हीसारखा, ‘म’चा एलसारखा, ‘कि’चा पीसारखा, ‘को’चा छोट्या डीसारखा आणि ‘क’चा छोट्या बीसारखा असल्याने, घाईत रोमन कळ दाबून वेळ मारून नेलेली उदाहरणेही असतात. छापील पानावरून यंत्राने अक्षरे ओळखून घेतली असतील तर अशा रोमन घुसखोरीचे प्रमाण वाढते.

नॉर्मलायझेशन येथे का उपयोगी पडत नाही

नॉर्मलायझेशन म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी सांकेतिक रूपे युनिकोडच्या ठरलेल्या नियमांनी एकरूप करणे. मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना या जातीचा त्रास नवा नाही. ‘दऱ्या’ हा शब्द ऱ, हलन्त आणि या असा लिहिता येतो, तसाच र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि या असाही लिहिता येतो. दोन्ही दिसतात सारखे, पण शोधात एकमेकांना ओळखत नाहीत. तरीही देवनागरीला थोडा आधार आहे. यू+०९३१ म्हणजे ऱ हे अक्षर र आणि नुक्ता यांच्या जोडीशी समान आहे, असे युनिकोडने स्वतःच ठरवून दिले असल्याने तेवढा भाग नॉर्मलायझेशनमध्ये आपोआप एकरूप होतो, आणि जोडकाचा प्रश्न तेवढा आपल्याला स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

क्री लिपीत हा आधारही नाही. तिच्या एकाही चिन्हाला विघटन नेमून दिलेले नाही. त्यामुळे दीर्घ ‘आ’ हे यू+१४०बी या एका क्रमांकाने लिहिले काय, किंवा ऱ्हस्व ‘अ’ (यू+१४०ए) लिहून त्यावर यू+०३०७ हे टिंब चढवले काय, नॉर्मलायझेशनच्या चारही प्रकारांनंतर दोन्ही रूपे वेगळीच राहतात. फुलीच्या चिन्हांचेही तेच आहे. ‘आम्ही सगळा मजकूर एनएफसी या नॉर्मलायझेशनच्या प्रकारातून काढतो, म्हणजे हा प्रश्न येणारच नाही,’ असे सांगणाऱ्या अभियंत्याशी वाद घालण्यापेक्षा ही दोन रूपे त्याच्याच यंत्रावर तुलनेला लावून दाखवावीत.

युनिकोड संस्थेची फसव्या सारखेपणाची एक यादी आहे आणि तीत यू+१५४१, यू+१५७डी, यू+१६६ई हे तिन्ही रोमन एक्सच्या गोटात घातलेले आहेत. ही यादी फसवे पत्ते आणि फसवी नावे ओळखण्यासाठी आहे. ती दुरुस्तीचा तक्ता म्हणून चालवली तर सगळा क्री मजकूर रोमन एक्सने भरून जाईल.

फुलीची दुरुस्ती

मजकूर क्रीचाच आहे याची खात्री असेल, तर यू+१५४१ च्या जागी सरसकट यू+१५७डी घालता येते, कारण सायिसीच्या या चिन्हाला क्री लेखनात काही काम नाही. ही खात्री मात्र फाइलच्या नावावरून करू नये. उत्तर मॅनिटोबात क्री आणि डेने समाज शेजारी राहतात आणि एकाच संग्रहात दोन्ही भाषांचे कागद असू शकतात. प्रत्येक उताऱ्याला भाषेची खूण, मैदानी क्रीसाठी सी-आर-के आणि लिपीसाठी कॅन्स, लावलेली असेल तरच यंत्राला हे काम एकट्याने करू द्यावे.

खरा किचकट भाग पूर्णविरामाचा आहे. ‘ह्क्’ प्रामुख्याने शब्दाच्या शेवटी येते आणि पूर्णविरामही तिथेच येतो, म्हणून टंकलेखकाने एकाच कळीने दोन्ही कामे भागवली असतील तर प्रत्येक फुली कोणत्या अर्थाची हे आपल्याला ठरवावे लागते. चुकीचा परिणामही दोन्ही बाजूंनी होतो. यू+१६६ई हे युनिकोडच्या दृष्टीने वाक्य संपवणारे विरामचिन्ह आहे, त्यामुळे ‘ह्क्’च्या जागी ते पडले की वाक्ये वेगळी काढणारी आज्ञावली प्रत्येक ‘घरात’पाशी वाक्य तोडते. याउलट पूर्णविरामाच्या जागी यू+१५७डी पडले की ते अक्षर म्हणून शब्दाला चिकटते आणि दोन वाक्यांचे एक होऊन जाते.

यासाठी काही नियम बऱ्यापैकी काम देतात. ‘ह्क्’ स्वरानंतर येते, तेव्हा फुलीच्या आधी दुसरे एखादे अंत्यव्यंजनाचे, म्हणजे स्वराविना येणाऱ्या व्यंजनाचे, चिन्ह असेल तर ती फुली पूर्णविरामच असली पाहिजे. लागोपाठ दोन फुल्या असतील तर पहिली ‘ह्क्’ आणि दुसरी पूर्णविराम. फुलीच्या आधी पूर्ण अक्षर असेल तर शब्दसूचीला विचारावे: फुलीसकट शब्द आहे का, आणि फुलीशिवाय आहे का? ‘वास्कहिकनि’ असा सुटा शब्द नाही, म्हणून त्यापुढची फुली ‘ह्क्’ आहे. ‘वास्कहिकना’ म्हणजे ‘घरे’ हा मात्र पूर्ण शब्द आहे, म्हणून त्यापुढची फुली पूर्णविराम आहे. दोन्ही रूपे संभवत असतील तर निर्णय भाषा जाणणाऱ्या माणसाचा. अशा जागांची यादी वेगळी काढून द्यावी, यंत्राने कौल लावू नये.

याच धर्तीवर लहान अधिकचिन्हासारखे दिसणारे अंत्य ‘य्’ यू+१४२९ आणि यू+१५४० अशा दोन जागी आढळते. या बाबतीत अमुकच खरे असा हट्ट न धरता, ज्या शब्दकोशाशी मजकूर जुळवायचा आहे त्यात कोणते वापरले आहे ते पाहून एकच ठेवावे. आडव्या छोट्या रेघेच्या अंत्यचिन्हाची, म्हणजे यू+१४२८ ची, संयोगचिन्हाशी गल्लत होते. या लिपीसाठी यू+१४०० हे दोन रेघांचे वेगळे संयोगचिन्ह आहे, पण ते नंतर आले असल्यामुळे जुन्या फायलींत सापडण्याची अपेक्षा धरू नये.

‘व’चे टिंब: येथे बोली माहीत असावीच लागते

फुलीची दुरुस्ती झाल्यावरही काही शब्द सापडत नाहीत, तेव्हा संशय ‘व’च्या टिंबावर घ्यावा. या लिपीत चिन्हाच्या आकारावरून व्यंजन कळते आणि ते कोणत्या दिशेला वळवले आहे त्यावरून स्वर कळतो. दीर्घत्वासाठी डोक्यावर टिंब असते, आणि मध्ये ‘व’ मिसळला असेल तर बाजूला मध्यभागी टिंब येते. हे बाजूचे टिंब पश्चिमेकडील क्री लेखनात अक्षराच्या नंतर आणि पूर्वेकडील लेखनात अक्षराच्या आधी येते. युनिकोडने दोन्ही पद्धतींना वेगवेगळे क्रमांक दिले आहेत: यू+१४०सी हा पूर्वेचा ‘वे’, यू+१४०डी हा पश्चिमेचा ‘वे’. शिवाय टिंब एकटे लिहिण्याचीही सोय आहे, ते यू+१४२७.

मैदानी क्री बोलणारे आपल्या भाषेला ‘नेहियवेविन’ म्हणतात. हा शब्द नेमकेपणाने लिहिला तर ने, ह्, इ, य, वे, वि, न् असे सात कोड पॉइंट होतात: यू+१४सी०, यू+१४२६, यू+१४०३, यू+१५२डी, यू+१४०डी, यू+१४०एफ आणि यू+१४२३. ‘वे’ आणि ‘वि’ मात्र साधा स्वर आणि सुटे टिंब असे लिहिले तर तेच नऊ होतात. त्यातही सुटे टिंब यू+१४२७ ऐवजी यू+००बी७ असेल तर आणखी एक रूप तयार होते, आणि ते अधिक त्रासदायक आहे. यू+१४२७ हे अक्षर मानले जाते, तर यू+००बी७ हे विरामचिन्ह मानले जाते. शब्दाच्या मध्यभागी दोन अक्षरांमध्ये ते खपून जाते, पण पूर्वेच्या लेखनात शब्दाच्या सुरुवातीला किंवा पश्चिमेच्या लेखनात शेवटी आले की शब्दावर डबल-क्लिक केल्यावर टिंब निवडीबाहेर राहते. ही खूण दिसली की अर्धे निदान वारंवारता-यादीशिवायही होते.

सुटे टिंब शेजारच्या अक्षरात मिसळून एकच कोड पॉइंट करायचा हे ठरवणे सोपे आहे. कोणत्या शेजाऱ्यात मिसळायचे हे बोली माहीत असल्याशिवाय ठरत नाही. ‘पा’, टिंब आणि ‘अ’ असा क्रम पश्चिमेत ‘प्वा-अ’ होतो आणि पूर्वेत ‘पा-व’. एका बोलीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या बोलीच्या मजकुरावर चालवली तर ती कोणतीही चूक न दाखवता प्रत्येक असा शब्द बिघडवते, आणि मूळ फाइल जपून ठेवलेली नसेल तर मागे फिरण्याची वाट उरत नाही. अंत्यव्यंजनेही दोन बाजूंना निराळी आहेत: अंत्य ‘न्’ पश्चिमेत यू+१४२३, तर पूर्वेत यू+१४डी०. मजकूर कोणत्या बाजूचा आहे हे ओळखायला ही खूण फार कामाची आहे, कारण ती दिसायलाही वेगळी असल्याने टंकलेखक तिथे सहसा चुकत नाही.

पुन्हा पुन्हा का होते

हा घोळ फक्त निष्काळजीपणातून येत नाही. १९९९ पूर्वी क्री मजकूर ज्या फॉन्टांत टंकला जाई, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी क्रीच्या आकृत्या बसवलेल्या असत. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फायली ज्यांनी युनिकोडमध्ये आणल्या आहेत त्यांना याहून अधिक सांगायला नको. अशा फायलींचे परिवर्तन-तक्ते आकार पाहून तयार होतात, आणि आकार पाहिला की फुलीला फुली जुळते. चिन्हांच्या तक्त्यातून माउसने अक्षर उचलणारा माणूसही डोळ्यांनाच विचारतो. त्यात यू+१५४१ हे क्रमांकाने आधी येत असल्याने तक्त्यात तेच आधी भेटते. युनिकोडमधील नाव एकदा दिले की बदलता येत नाही, त्यामुळे पुढे कधी ते अधिक स्पष्ट होईल, याचीही आशा नाही.

म्हणून दुरुस्ती फाइलमध्ये न करता वाटेवर बसवावी लागते. मूळ मजकूर जसा आला तसा जपून ठेवावा, त्याची शुद्ध प्रत वेगळी तयार करावी, आणि शोधाचा निर्देशांक बनवताना जो तक्ता चालवला तोच शोधपेटीत टंकलेल्या शब्दावरही चालवावा. ही दुसरी बाजू बऱ्याच ठिकाणी राहून जाते: मजकूर शुद्ध होतो, पण वाचकाच्या कळफलकावरून अजूनही यू+१५४१ च येत असते, आणि मग ‘दुरुस्तीनंतर शोध आणखीनच बिघडला’ अशी तक्रार येते. टंकलेखकांचा कळफलकही तपासावा. ‘ह्क्’ची कळ दाबून काय उमटते ते एकदा क्रमांकासह पाहून घेतले की पुढच्या कित्येक खेपांचे काम वाचते.

बाइटांच्या पातळीवरचा बिघाड

कधीकधी चिन्हे चुकीची नसतात, फाइलच चुकीच्या संकेतनाने, म्हणजे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या चुकीच्या पद्धतीने, उघडलेली असते. देवनागरी फाइल अशी उघडली की उलट्या स्वराघाताचा रोमन ए आणि चलनाचे चिन्ह यांची माळ दिसते. क्रीच्या बाबतीत सरळ स्वराघाताचा ए दिसतो, कारण या विभागातील प्रत्येक चिन्हाचा यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतनातील पहिला बाइट ई१ आहे. स्वल्पविरामांनी विभागलेली फाइल एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिकने उघडणे हे याचे नेहमीचे कारण.

अशी फाइल तशीच साठवली असेल तर ती परत मिळेलच असे नाही. ‘ह्क्’चे बाइट ई१, ९५, बीडी असे आहेत आणि विंडोज-१२५२ या जुन्या संकेतनात तिन्हींना चिन्हे नेमलेली असल्याने ते उलट फिरवता येते. पण यू+१४०० ते यू+१४३एफ या सर्व चिन्हांचा दुसरा बाइट ९० आहे, आणि १२५२ मध्ये ९० ची जागा रिकामी आहे. काही आज्ञावल्या अशा बाइटला जपतात, काही त्या जागी प्रश्नचिन्ह घालून मोकळ्या होतात. या पट्ट्यात सगळे स्वर, ‘व’ची सगळी अक्षरे आणि पश्चिमेची बहुतेक अंत्यव्यंजने येतात. परत फिरवलेल्या मजकुरात ‘ह्क्’ शाबूत आणि स्वर मात्र गायब, असे विचित्र दृश्य दिसले तर कारण हेच आहे. तिथे तक्ते चालवत बसू नये, मूळ फाइल मागवावी. डेटाबेसमध्ये गेल्यावर सगळीच प्रश्नचिन्हे झाली असतील तर स्तंभाचा प्रकार युनिकोडचा नाही. मायएसक्यूएलमध्ये तीन बाइटांचे जुने यूटीएफ-८ मुख्य विभागाला पुरते, पण २०२१ मध्ये आलेला यू+११एबी० पासूनचा पुरवणी विभाग चार बाइट मागतो, म्हणून नवे काम यूटीएफ-८-एमबी-४ वरच करावे.

दुरुस्ती बसवल्यानंतरची चाचणी शब्दांवर घ्यावी. ‘वास्कहिकनिह्क्’ यू+१५७डी ने, यू+१५४१ ने आणि रोमन एक्सने. ‘नेहियवेविन’ सात कोड पॉइंटांचा, सुट्या टिंबांचा नऊचा आणि यू+००बी७ चा. अशी सर्व रूपे शोधपेटीत टाकावीत आणि प्रत्येक शब्दाच्या सर्व रूपांना तंतोतंत तेवढ्याच नोंदी मिळतात का ते पाहावे. त्याच चाचणीत सायिसी डेनेचा एक उतारा आणि पूर्वेच्या क्रीचा एक उतारा मुद्दाम ठेवावा. मैदानी क्रीचा तक्ता चालल्यानंतर या दोन उताऱ्यांतील एकही बाइट बदललेला नसला पाहिजे.